कोलांटीचा वंश

बर्मिंगहॅम रोलर हे कबूतर हातात घेऊन पाहिले, तर डोळ्यांत भरण्यासारखे त्यात फारसे काही सापडत नाही. मध्यम बांधा, आटोपशीर चोच, शेपटीत आपल्या गच्चीवरच्या पारव्यासारखीच १२ पिसे. लक्क्याचा पंख्यासारखा पिसारा त्याला नाही, की पाउटरसारखी फुगवून दाखवायची गळपिशवी नाही. मात्र हेच कबूतर सोबत्यांच्या थव्यात उडत असताना एकाएकी शेपूट उचलते, पंख वर घेते आणि मागच्या मागे कोलांट्या घेत खाली येऊ लागते. चांगल्या पक्ष्याच्या कोलांट्या इतक्या झपाट्याने होतात की एकेक वेगळी मोजता येत नाही. वीस-तीस फूट खाली येणारा पिसांचा फिरता गोळा तेवढा दिसतो. मग पक्षी झटक्यात थांबतो, पंख मारत वर चढतो आणि पुन्हा थव्यात जाऊन मिळतो. बर्मिंगहॅम आणि त्याच्या शेजारच्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यातल्या कामगारांनी परसातल्या लहानशा ढाबळींत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही जात घडवली, ती या मोजक्या क्षणांसाठी. तिच्याबद्दल जे सांगायचे आहे ते असे की, जिचे लक्षण अंगावर दिसत नाही आणि वागण्यातच आहे, अशी जात उडवूनच राखता येते. पिंजऱ्यात ठेवून, वंशावळी लिहून किंवा प्रदर्शनात पदके मिळवून ती टिकत नाही. हे वरवर उघड वाटते. पण कबुतरांच्या पैदाशीचा इतिहास पाहिला, तर ते पुन्हा पुन्हा विसरले गेलेले दिसते.

कोलांटी घेणारी कबुतरे मुळात इंग्रजांची नव्हेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘आइन-इ-अकबरी’त अकबराच्या कबुतरांना स्वतंत्र जागा दिली आहे. बादशहा या छंदाला ‘इश्कबाजी’ म्हणत असे. दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि त्यांतली ५०० खास मानली जात. या खास पक्ष्यांची पारख कशी होत असे, हे त्या नोंदीत वाचण्यासारखे आहे. प्रत्येक खास कबूतर १५ ‘चर्ख’ आणि ७० ‘बाजी’ करते, असे तिथे लिहिले आहे. चर्ख म्हणजे पूर्ण वर्तुळात घेतलेली गिरकी, आणि बाजी म्हणजे पाय वर करून मारलेली कोलांटी. रंगांची लांबलचक नावेही त्या पानांवर आहेत, पण खास ठरायला आकाशातली ही मोजदाद लागे. पूर्वी कोणी करत नव्हते असे संकर बादशहाने घडवून आणले आणि त्यामुळे कबुतरे आश्चर्यकारक सुधारली, असेही अबुल फझल नोंदवतो. दरबारी इतिहासकाराच्या स्तुतीचा भाग वजा केला, तरी एक गोष्ट उरते. पक्षी उडवून, मोजून, त्यांतले निवडून मग जोड लावण्याची पद्धत हिंदुस्थानात चारशे वर्षांपूर्वी मुरलेली होती. इंग्लंडमध्ये कबुतरांवरचे पहिले स्वतंत्र पुस्तक म्हणता येईल असे जॉन मूर यांचे ‘कोलंबेरियम’ १७३५ साली निघाले, आणि त्यातही टंबलर म्हणजे कोलांटी कबुतरे आहेत.

चार्ल्स डार्विन यांनी १८५५ पासून आपल्या घरी कबुतरे पाळली आणि लंडनच्या दोन कबूतर-मंडळांचे ते सभासद झाले. सगळ्या पाळीव कबुतरांचा पूर्वज साधा पारवाच आहे, हे दाखवणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. पण कोलांटी कबुतरांकडे त्यांचे लक्ष वेगळ्या कारणासाठीही गेले. कोलांटी घ्यायला कबुतराला कोणी शिकवले नसणार आणि शिकवता आलेही नसते, असे त्यांनी १८५९च्या आपल्या ग्रंथात लिहिले. दुसऱ्या कबुतराला कोलांटी घेताना कधीही न पाहिलेले पिल्लूसुद्धा ती घेते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. मग ही सवय आली कुठून? कधीतरी एखाद्या पक्ष्यात थोडा कल दिसला असेल, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यातले उत्तम ते निवडत गेल्याने तो वाढला असेल, असे त्यांचे उत्तर. त्याच ठिकाणी ते ग्लासगोजवळच्या घरगुती टंबलरांचा उल्लेख करतात. ती कबुतरे १८ इंचसुद्धा वर उडू शकत नसत. उडायला गेली की उलटलीच. हिंदुस्थानातल्या लोटन कबुतराचे वर्णन त्यांनी पुढे १८६८च्या ग्रंथात केले. हे कबूतर किंचित हलवून जमिनीवर ठेवले की लोळत सुटते, आणि उचलून, तोंडावर फुंकर घालून शांत करेपर्यंत थांबत नाही.

ग्लासगोचे टंबलर आणि लोटन यांच्याकडे रोलर पाळणाऱ्याने फार गंभीरपणे पाहायला हवे, कारण त्याच्या पक्ष्याची तीच एक दिशा आहे. कोलांटीचा कल वाढवत नेला, तर शेवटी उडू न शकणारे कबूतर मिळते. कमी होऊ दिला, तर अधूनमधून एखादी गिरकी घेणारे साधे कबूतर उरते. १९७२ साली एंट्रिकिन आणि एर्वे या अमेरिकी संशोधकांनी कोलांटी कबुतरांचे साध्या कबुतरांशी संकर करून पाहिले. कोलांटीला एक अप्रभावी जनुक आवश्यक असावे, आणि ती किती व कशी होईल हे इतर जनुके ठरवत असावीत, असे अनुमान त्यांनी काढले. पाळणाऱ्यांचा अनुभव याच्याशी जुळतो. रोलरचा बाहेरच्या जातीशी संकर केला की पहिल्या पिढीत कोलांटी दिसेनाशी होते आणि पुढच्या पिढ्यांत कुठे कुठे, विस्कळीत रूपात, परत येते. म्हणजे अकबराच्या काळी ज्या संकराने सुधारणा झाली म्हणतात, तोच संकर इथे शतकभराची कमाई एका हंगामात उधळू शकतो. दुसरीकडे, खोल कोलांटीचे नर-मादी एकत्र आणत गेले, तर जमिनीवर येऊन आदळणारे पक्षी वाढतात. इंग्रजीत अशा पक्ष्याला ‘रोलडाउन’ म्हणतात. छपरावर किंवा फरसबंदीवर आपटून तो बहुधा मरतो. तेव्हा रोलर पाळणाऱ्याला एखादा गुण अखंड वाढवत न्यायचा नसतो. दोन बाजूंना उतार असलेल्या अरुंद पट्टीवर वंश धरून ठेवायचा असतो, आणि पक्षी त्या पट्टीवर आहे की घसरला, हे उड्डाणाशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

याचा प्रत्यक्ष पैदाशीवर काय परिणाम होतो, तो सविस्तर पाहण्यासारखा आहे. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते, साधारण दीड-दोन दिवसांच्या अंतराने. नर आणि मादी आळीपाळीने बसतात, १७-१८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात, आणि दोघेही गळपिशवीत तयार होणारे दाट दूध त्यांना भरवतात. पिल्लू आठवड्याचे झाले की पायात सालाचे बंद कडे घालायचे, कारण त्यानंतर पाय जाड होतो आणि कडे चढत नाही. महिनाभरात ते घरटे सोडते आणि लवकरच थव्याबरोबर उडायला लागते. इथपर्यंत रोलर आणि साधे कबूतर यांत काही फरक नाही. तीन-चार महिन्यांनंतर केव्हातरी पिल्लू उडता उडता शेपटीवर बसल्यासारखे करते, एखादी अर्धवट कोलांटी घेते, तोल जाऊन भेलकांडते. एखाद्याचे हे सहाव्या महिन्यात सुरू होते, एखाद्याचे वर्ष उलटल्यावर. लवकर आणि जोरात सुरू करणारे पिल्लू पाहून नवशिका हरखून जातो. पण नेमकी अशीच पिल्ले पुढे आवर न राहून कोसळण्याची भीती जास्त. सावकाश खुलणारे पिल्लू दुसऱ्या वर्षी घट्ट, वेगवान, एका ठरावीक खोलीची कोलांटी घेऊ लागते आणि वर्षानुवर्षे तशीच घेत राहते. गुण असा उशिरा उमलत असल्यामुळे पहिल्या हंगामात केलेली निवड बहुतेक चुकते. वाट पाहणे हेच इथले कसब आहे. चांगल्या जोडाची अंडी दुसऱ्या कबुतरांखाली ठेवून पिल्लांची संख्या वाढवता येते, उमलण्याचा काळ मात्र आखडता घेता येत नाही.

शिवाय रोलर एकट्याने उडवायचा पक्षी नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २० पक्ष्यांचा थवा २० मिनिटे उडतो. किमान पाच पक्ष्यांनी एकाच वेळी किमान १० फूट कोलांटी घेतली, तरच गुण मिळतात. मग कोलांटीचा दर्जा आणि खोली यांनी त्या गुणांना गुणले जाते. या नियमामागे पक्ष्याच्या स्वभावाची चांगली जाण आहे. थवा वळण घेतो त्या क्षणी अनेक पक्षी एकदम सुटतात. याचा अर्थ सोबत राहणे, वळणाला प्रतिसाद देणे आणि कोलांटीनंतर सरळ थव्याकडे परतणे, ही सगळी जातीचीच लक्षणे आहेत. अप्रतिम कोलांटी घेणारा पण थव्याबाहेर भटकणारा पक्षी उत्तम रोलर नव्हे. ढाबळीत एकेक पक्षी न्याहाळून यातले काय दिसणार?

उडवणे सोडले की काय होते, याचे पुरावे मुबलक आहेत. आखूड चोचीचा इंग्लिश टंबलर हे त्यातले सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण. एके काळी तो कोलांटी घेणाऱ्यांचाच वंशज. पुढे शौकिनांना गोल डोके आणि अगदी बारीक चोच यांचे वेड लागले आणि निवड त्यावरच होऊ लागली. चोच इतकी आखूड झाली की बाहेर पडणाऱ्या पिल्लांपेक्षा अंड्यातच मरणारी अधिक, आणि पाळणाऱ्यांना कवच फोडायला मदत करावी लागते, असे डार्विन लिहितात. उडण्याचा आणि कोलांटीचा गुण त्यात जवळजवळ संपला. नाव मात्र टंबलरच राहिले. टिपलर कबुतराचीही तीच गत. मॅकल्सफील्डच्या परिसरात तयार झालेला उडता टिपलर तासन्‌तास आकाशात राहतो, आणि स्पर्धांत त्याने २० तासांच्या पुढची उड्डाणे केली आहेत. त्याच नावाचा प्रदर्शनी टिपलर मात्र रंग आणि ठेवण यांसाठी जोपासला गेला, आणि त्याच्याकडून अशा उड्डाणाची कोणी अपेक्षाही करत नाही. रोलरचाही प्रदर्शनी प्रकार निघाला आहे. यात कोणी मुद्दाम कोलांटी नष्ट केली नाही. रूपासाठी निवड करताना कोलांटीकडे फक्त दुर्लक्ष झाले, आणि एका अरुंद पट्टीवर तोलून धरलेला गुण बिघडायला तेवढे पुरते.

यावर पहिला आक्षेप असा की, उड्डाणात दिसते ते खरोखर वंशाचे असते का? रोलरचा थवा दिवसातून एकदा, उडून खाली आल्यावर, मोजून दाणा खातो. गहू आणि ज्वारी किती, वाटाणे किती, उडण्याआधी किती दिवसांची विश्रांती, यावर कोलांट्यांची संख्या स्पष्टपणे बदलते. भरपेट आणि कसदार खाऊ घातलेला थवा उंच जाऊन नुसता भटकत राहतो. उपासमार झालेला थवा नीट उडतच नाही. कसलेला माणूस स्पर्धेच्या आठवड्यात दाण्याचे गणित जमवून साध्या थव्याकडूनही बरे काम करून घेतो. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. दाणा-पाण्याचा परिणाम एवढा मोठा असतो म्हणूनच एक-दोन उड्डाणांवरून पक्षी जोखता येत नाही. एकाच ढाबळीतले, एकच दाणा खाणारे, एकाच आकाशात उडणारे पक्षी महिनोन्‌महिने शेजारी शेजारी पाहिले, तर दाण्याचा परिणाम सगळ्यांवर सारखाच असतो आणि उरलेला फरक त्या त्या पक्ष्याचा. शेजारच्या गावातून ‘विजेत्याचा मुलगा’ म्हणून आणलेल्या पक्ष्याबद्दल अशी खात्री देता येत नाही, मग त्याची वंशावळ कितीही लांब असो. वंशावळ निरुपयोगी नाही. जवळच्या नात्यात जोड लावून कुटुंब सांभाळण्याची शिस्त या जातीत पूर्वीपासून आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या विल्यम पेन्सम यांनी रोलरचा अमेरिकेत जो प्रसार केला, तोही अशाच कुटुंबांच्या बळावर. पण कागदावरच्या नात्याला आकाशातल्या नोंदीची जोड नसेल, तर जवळच्या जोडांनी दोषच पक्के होतात.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे, आणि तो टाळण्याजोगा नाही. कोलांटी ही एक प्रकारची मज्जासंस्थेतली विकृती असेल, तर ती जाणूनबुजून जोपासणे क्रूरपणा नाही का? कोलांटी पूर्णपणे पक्ष्याच्या इच्छेतली आहे असे म्हणता येत नाही. जमिनीवर आदळून मरणारा पक्षी स्वेच्छेने आदळत नसतो. पण ती नुसता झटका आहे असेही म्हणता येत नाही. कसलेला रोलर छपराजवळ आला की कोलांटी आवरतो, थव्याच्या वळणाशी ती जुळवतो, दाणा आणि विश्रांती बदलली की ती कमी-जास्त करतो. ऊर्मी जन्मजात आणि तिच्यावरचा लगाम पक्ष्याचा, असे या सगळ्या निरीक्षणांवरून वाटते. तसे असेल, तर नीतीचा प्रश्न लगामावर येऊन ठेपतो. लगाम असलेला पक्षी वर्षानुवर्षे निरोगी उडतो, जोड लावतो, पिल्ले वाढवतो. लगाम तुटलेल्या पक्ष्यापासून पैदास करणे हे मात्र मला सरळसरळ अन्याय वाटते, आणि आदळण्याचा कल असलेल्या कुटुंबातले जोड केवळ नेत्रदीपक खोलीसाठी ठेवणेही त्यातच येते. अमेरिकेत ‘पार्लर रोलर’ या उडू न शकणाऱ्या जातीच्या जमिनीवर लोळत जाण्याच्या अंतराच्या स्पर्धा होतात, आणि काही पक्षी शेकडो फूट लोळतात. त्या छंदाचे समर्थन करणे मला शक्य नाही. तिथे पक्ष्याचा लगाम मुद्दाम काढून टाकलेला आहे. उडत्या रोलरचे समर्थन करता येते, पण एका अटीवर: पाळणाऱ्याने तो उडवला पाहिजे, म्हणजे लगाम कोणाला आहे आणि कोणाला नाही हे त्याला दर पिढीत दिसेल आणि तो त्याप्रमाणे वागेल.

तिसरा आक्षेप व्यवहारी पाळणाऱ्यांचा. उडवला की पक्षी गमावतो. मग सर्वोत्तम पक्षी आकाशात कशाला घालायचे? हा धोका काल्पनिक नाही. कोलांटी घेत खाली येणारे कबूतर शिकारी पक्ष्याला जखमी सावजासारखे दिसते, आणि थवा सोडून एकटे पडलेले सावज पकडणे सोपे असते. ब्रिटनमध्ये बहिरी ससाणा, कॅलिफोर्नियात कूपर्स हॉक, या पक्ष्यांनी थवेच्या थवे विरळ केल्याच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण या भीतीपोटी काय काय झाले तेही सांगायला हवे. २००७ साली अमेरिकेच्या वन्यजीव विभागाने ‘ऑपरेशन हाय रोलर’ या मोहिमेत अनेक रोलर पाळणाऱ्यांवर खटले भरले. पिंजरे लावून पकडलेले आणि निर्दयपणे मारलेले संरक्षित शिकारी पक्षी हा त्यातला आरोप होता. त्याआधी, १९६०च्या सुमारास, ब्रिटनमधल्या कबूतर पाळणाऱ्यांनी बहिरी ससाणे फार माजल्याची तक्रार सरकारकडे केली आणि त्यामुळे पाहणी सुरू झाली. डेरेक रॅटक्लिफ यांच्या त्या पाहणीत उलटेच आढळले. ससाणे झपाट्याने नाहीसे होत होते, आणि त्यामागे शेतीतली कीटकनाशके होती. कबूतरबाजांच्या तक्रारीतून विसाव्या शतकातला पक्षीसंरक्षणाचा एक मोठा शोध लागला. छंदापायी ससाणा मारण्याचे समर्थन करणाऱ्याने ही हकिकत लक्षात ठेवावी. ससाणा हा त्या आकाशाचा हक्काचा रहिवासी आहे, आणि कबूतर आपण तिथे सोडलेले आहे.

मग पाळणाऱ्याने करायचे काय? ससाण्यांचा जोर असलेले हिवाळ्याचे महिने थवा आत ठेवावा, उड्डाणाच्या वेळा बदलाव्यात, जागेची निवड विचारपूर्वक करावी, हे उपाय सर्वत्र होतात आणि ते योग्य आहेत. चूक होते ती पुढच्या पायरीवर. उड्डाणाचा हंगाम आखडला की पिल्लांची पारखही आखडते. तीन महिने उडवून, त्यांतले चमकदार ते लगेच पैदाशीला ठेवून, बाकीचे विकले जातात. वर म्हटल्याप्रमाणे लवकर चमकणारी पिल्लेच घसरण्याच्या उतारावर असतात. हंगाम आखूड असेल तर पिल्ले कमी काढावीत आणि प्रत्येकाला जास्त हंगाम द्यावेत, हा मला त्यावरचा खरा उपाय वाटतो. दोन वर्षे उडलेला, नियमित कोलांटी घेणारा, प्रत्येक वेळी थव्यात परतणारा नर आणि तशीच मादी यांनाच पैदाशीच्या ढाबळीत जागा मिळावी. त्यानंतर त्यांना आकाशात सोडले नाही तरी चालेल, कारण त्यांची नोंद झालेली असते. न उडवलेला पक्षी आणि उडवून मग राखलेला पक्षी यांत इथेच फरक पडतो. उद्या कोलांटीची जनुके नेमकी ओळखता आली आणि रक्ताच्या थेंबावरून तपासणी करता आली, तरी ही नोंद सुटणार नाही. पक्ष्यात ऊर्मी आहे का, एवढे अशी तपासणी सांगू शकेल. वळणाबरोबर सुटणे, पंचवीस फुटांवर थांबणे, छपराजवळ आवरणे आणि थव्याकडे परतणे हे सगळे एकाच पक्ष्यात नीट जुळले आहे का, हे पाहायला पाळणाऱ्याला रोज मान वर करून परसात उभे राहावेच लागेल, आणि जे दिसले ते कड्याच्या क्रमांकापुढे लिहून ठेवावे लागेल.